आधी डोस, मग रेफर: ल्युकेमियाच्या मुलांच्या तापाबद्दल खान्देशातील आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांतील उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

स.न.वि.वि.

खान्देशातल्या ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार होतात मुंबईत, नाशकात, छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर सुरतेला. ताप मात्र त्यांना यावलमध्ये येतो, साक्रीत येतो, धडगावच्या एखाद्या पाड्यावर येतो. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचा, म्हणजे एएलएलचा, उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यातला बराच काळ मूल केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधे घरी असते, आणि तेव्हा त्याच्या जिवाला मोठा धोका असतो तो रक्तात शिरणाऱ्या जंतूंचा. हा आजार बरा होणारा आहे. श्रीमंत देशांत दहातली जवळजवळ नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे हा आकडा खाली ओढणारी दोन मोठी कारणे म्हणजे अर्धवट सोडलेले उपचार आणि जंतुसंसर्ग. पहिल्यावर बैठका होतात, योजना निघतात. हे पत्र दुसऱ्याबद्दल आहे.

आमची मागणी एकच आहे. अशा मुलाला ताप आला तर प्रतिजैविकाचा पहिला डोस जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातच, मूल दारात आल्यापासून एका तासाच्या आत, शिरेतून दिला जावा. रेफर त्यानंतर करावे. आज बहुतेकदा उलटे घडते. केसपेपर निघतो, सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, रक्त जाते, ‘कॅन्सरचा पेशंट आहे, आम्ही हात लावत नाही’ असे म्हणून चिठ्ठी लिहिली जाते, १०८ येते, आणि पुढच्या रुग्णालयात पुन्हा केसपेपरपासून सुरुवात होते. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. कुणी त्यांना लेखी सांगितलेलेच नसते की हा डोस देणे त्यांच्या अधिकारात आहे.

तासाची घाई कशासाठी? केमोथेरपीने ल्युकेमियाच्या पेशी मरतात तशा अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही मरतात. जंतूंवर पहिला हल्ला चढवणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या, म्हणजे एएनसी, ५०० च्या खाली गेली की धोका सुरू होतो. १०० च्या खाली तो फार वाढतो. त्याच औषधांनी तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर सोलवटते. एरवी आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएलासारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू मग तिथून थेट रक्तात उतरतात. सुडोमोनासही याच गोतावळ्यातला. या जंतूंच्या आवरणातल्या विषामुळे रक्तदाब काही तासांत कोसळू शकतो. सकाळी अंगणात खेळणारे मूल संध्याकाळी शॉकमध्ये असते.

आणखी एक गोष्ट नवख्या डॉक्टरांना हमखास फसवते. पू व्हायलाही न्यूट्रोफिलच लागतात. ते नसले की घसा फारसा लाल दिसत नाही, जखमेला सूज येत नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो. ताप हे एकच लक्षण उरते. ‘फोकस (संसर्गाची जागा) सापडत नाही, मूल बरे दिसतेय, दोन दिवस बघू’ हा इतर मुलांत रास्त असलेला विचार इथे जीव घेतो. उपचाराच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत, इंडक्शनमध्ये, रोज स्टेरॉइड चालू असते आणि ते तापही दाबून टाकते. त्या काळात पोटदुखी, मलूलपणा, गार हातपाय, कमी झालेली लघवी किंवा नेहमीपेक्षा उतरलेले तापमान यांतले काहीही दिसले तरी ताप आलाच असे समजून चालावे.

खान्देशात याला उन्हाची जोड मिळते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुले गावी येतात तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४२ ते ४५ अंशांत असतो आणि अंग तापले की घरचे म्हणतात, ‘ऊन लागनं.’ मग कैरीचे पन्हे, तळपायाला कांदा, आणि एक रात्र जाते. पन्ह्याने काही बिघडत नाही, रात्र जाण्याने बिघडते. म्हणून आशाताईंपर्यंत एक साधा नियम पोचवा: केमो चालू असलेल्या मुलाचे तापमान डिजिटल थर्मामीटरने एकदा जरी १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सिअस) भरले, किंवा १००.४ (३८) च्या वर तासभर टिकले, तर कारण शोधत बसायचे नाही, निघायचे. काखेतले तापमान थोडे कमी दाखवते, तेव्हा काखेत १००.४ दिसले तरी पुरे. कपाळाला लावायची बंदूक मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या मुलावर भरवशाची नाही. गुदद्वारातून तापमान घेऊ नका. तिथली एवढीशी चीरही जंतूंना वाट करून देते. व्हिंक्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे या मुलांना बद्धकोष्ठ होतो, त्यासाठी एनिमा किंवा सपोझिटरीही त्याच कारणाने नको.

गावातल्या खासगी दवाखान्यांनाही हे कळवणे आपल्याच हातात आहे. ताप आला की कमरेत सुई, ही आपल्याकडची रीत. या मुलांचे प्लेटलेट कमी असतात. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळते आणि त्या गाठीत जंतू वाढतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉल तसे निरुपद्रवी, पण डॉक्टरने तपासण्याआधी दिले तर ताप उतरतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि जंतू वाढत राहतात. सेफिक्झिम किंवा अॅझिथ्रोमायसिनचे तोंडी औषध देऊन तीन दिवसांनी बोलावणे हा तर सरळ वेळेचा अपव्यय. काही कमी जोखमीच्या मुलांना तोंडी औषधावर ठेवता येते हे खरे, पण तो निर्णय मूळ उपचार केंद्राचा, गावातला नव्हे.

आता रुग्णालयाच्या दारापासून. मुलाकडे उपचार केंद्राचे कार्ड किंवा फाइल असते. ती दिसताच मूल ओपीडीच्या रांगेत न बसवता कॅज्युअल्टीत घ्यावे. पलीकडच्या खाटेवर कांजिण्या, गोवर किंवा जुलाबाचे मूल नसावे. वजन करा. नाडी, श्वास, रक्तदाब, नखावर दाबून रक्त परत यायला लागणारा वेळ आणि साखर पाहा. शीर घ्या, त्याच टोचण्यात कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) व सीबीसीचे रक्त काढा, आणि डोस सुरू करा. सीबीसीच्या रिपोर्टची वाट पाहू नका. एएनसी काढायची रीत सोपी आहे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. पेशी ९०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे एएनसी १८०. पण पेशी इतक्या कमी असल्या की यंत्राने दिलेली टक्केवारी पुष्कळदा चुकते, आणि आज ८०० असलेला आकडा परवा ५० होऊ शकतो. रिपोर्टमुळे डोस थांबवायचा ठरवला तर ती चूक मुलाच्या अंगावर निघते.

डेंगू आणि मलेरियाच्या तपासण्या अवश्य करा, सातपुड्याच्या पट्ट्यात तर कराच, पण सोबतीने. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरलेले पाहून ‘डेंगूच असेल’ असा शिक्का बसतो. केमो घेणाऱ्या मुलात हे दोन्ही डेंगूशिवायही उतरलेलेच असतात. टायफॉइडच्या विडाल चाचणीवर विसंबून तर काहीच ठरवू नये.

औषध कोणते? सुडोमोनासवर चालणारे हवे. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आता सहज मिळते. ४.५ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ४ ग्रॅम पिपरॅसिलिन असते. व्हायल विरघळवून नॉर्मल सलाईनने एकूण ४० मिली करा. आता प्रत्येक मिलीत १०० मिलिग्रॅम पिपरॅसिलिन आहे, आणि डोस किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे १ मिली. १५ किलोच्या मुलाला १५ मिली, २२ किलोच्याला २२ मिली, कमाल ४० मिली. अर्ध्या तासात संथ सोडायचे. उरलेले फेकून द्या, पुढच्या डोससाठी ठेवू नका. रात्री तीन वाजता एकट्या ड्युटी डॉक्टरला आणि एकट्या सिस्टरला कॅल्क्युलेटरशिवाय जमेल असा हा हिशोब मुद्दाम मांडला आहे. पुढचा डोस ६ ते ८ तासांनी.

मूल मलूल असेल, थंडी वाजून आली असेल किंवा रक्तदाब डळमळीत असेल तर अॅमिकॅसिनची जोड द्या, किलोला १५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ५०० मिलिग्रॅमची व्हायल २ मिलीची असते; १५ किलोच्या मुलाला २२५ मिलिग्रॅम म्हणजे ०.९ मिली, सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात. दोन्ही औषधे एकाच बाटलीत किंवा सिरिंजमध्ये एकत्र करू नका. पिपरॅसिलिनमुळे अॅमिकॅसिन निकामी होते. एकानंतर दुसरे द्या, मधे सलाईनने नळी धुवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अॅमिकॅसिन टाळा. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल, किंवा गेल्या काही दिवसांत जास्त मात्रेचे मेथोट्रेक्झेट हे केमोचे औषध दिले असेल, तर पिपरॅसिलिन नको, कारण ते मेथोट्रेक्झेटचा निचरा अडवते. अशा वेळी काय द्यायचे ते कार्डावरच लिहिलेले असावे, ही जबाबदारी आमच्या बाजूची, उपचार केंद्रांची.

कपाटात फक्त सेफ्ट्रिअॅक्झोन असेल तर? ते सुडोमोनासवर चालत नाही, म्हणून ते ‘उपचार झाला’ असे समजायला पुरेसे नाही. पण हाताशी दुसरे काहीच नसेल तर तेच अॅमिकॅसिनसोबत द्या आणि चिठ्ठीत ठळक लिहा. मूल बिनडोसाचे गाडीत चढता कामा नये.

कल्चरबद्दल थोडे सविस्तर, कारण ते घाईत वाया जाते. त्वचा २ टक्के क्लोरहेक्झिडिन असलेल्या स्पिरिटने अर्धा मिनिट घासा आणि वाळू द्या. ओल्या त्वचेवर सुई टोचली तर जंतू मारायला लागणारा वेळच त्या द्रवाला मिळत नाही. मग शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. बाटलीचे रबरी झाकणही स्पिरिटने पुसा. प्लास्टिकची टोपी काढली म्हणजे आतले रबर निर्जंतुक असते असे नाही. मुलांच्या बाटलीत १ ते ४ मिली रक्त घालायचे, वजन मोठे असेल तर ४ मिलीकडे झुकून. दोन थेंबांच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि मग सगळे म्हणतात, कल्चर निगेटिव्ह आहे. बाटलीवर वेळ आणि रक्त कुठून काढले ते लिहा. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि आपल्याकडे मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवरही नाही. बर्फ न घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात, सावलीत न्या. शक्यतो ४ तासांत ती यंत्रात गेली पाहिजे. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी तालुक्यातून आलेली बाटली रात्रीही स्वीकारावी एवढा आदेश हवा. बाटली नसेल किंवा रक्त निघत नसेल तर पाच मिनिटांपलीकडे अडू नका. कल्चर महत्त्वाचे आहे, पण डोस त्याहून महत्त्वाचा.

आपल्या भागातल्या रुग्णालयांत औषधांना दाद न देणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला वाढत चालले आहेत, हे आपण जाणताच. त्यामुळे पहिला डोस बरोबर असूनही काही मुलांत औषध बदलावे लागते, आणि ते कोणत्या जंतूवर बदलायचे हे त्या बाटलीशिवाय कळत नाही. बहुतेक तापांत कल्चर कोरेच येते, तरी डोस चालू ठेवायचा. बंद कधी करायचा ते केंद्र सांगेल.

आता शॉक. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब ७० अधिक वयाची दुप्पट याच्या खाली गेला तर तो कमी समजा. पाच वर्षांच्या मुलाला ८०. पण मुलांचा रक्तदाब सगळ्यात शेवटी पडतो. नाडी धावते, तळवे गार पडतात, नखावर दाबलेला रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात, हे आधी दिसते. रक्तदाब कमी असेल तर नॉर्मल सलाईन किलोला १० ते २० मिली सोडा आणि प्रत्येक वेळी यकृत व छाती पुन्हा तपासा. पहिल्या तासात किलोला ४० मिलीच्या वर जाऊ नका. यकृत वाढले किंवा छातीत खरखर ऐकू आली तर सलाईन थांबवा. रक्तदाब ठीक असेल आणि जवळ आयसीयू नसेल तर भराभर सलाईन देऊ नका; हिमोग्लोबिन सहा-सातवर असलेल्या मुलाचे हृदय ते झेपवू शकत नाही. सलाईननंतरही दाब सुधारत नसेल तर अॅड्रेनालिन हातातल्या शिरेतूनच, किलोला मिनिटाला ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने सुरू करता येते. त्यासाठी गळ्यातली लाईन मिळेपर्यंत थांबायचे नसते. पहिल्या डोसनंतर दाब थोडा आणखी उतरू शकतो, म्हणून १०८ मध्ये चढवताना सलाईन चालू आणि ऑक्सिजन लावलेला असावा, आणि कोणत्या रुग्णालयात खाट आहे हे फोनवर आधी ठरलेले असावे. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. शॉकमधले मूल त्या रस्त्याला लावायचे नाही, आधी जिल्ह्याच्या आयसीयूत स्थिर करायचे.

उजवीकडे खाली पोट दुखत असेल, फुगले असेल तर अपेंडिक्स समजून सुरीकडे वळू नका. न्यूट्रोफिल नसताना मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा भागच सुजतो. तोंडाने काही देऊ नका, डोस द्या, केंद्राला फोन करा. शौचाच्या जागी दुखते असे मूल म्हणाले तर नुसते पाहा, बोट घालू नका.

उरली लाईन, म्हणजे औषधे देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी. बऱ्याच मुलांना पिक लाईन, हिकमन किंवा छातीत कातडीखाली बसवलेला केमोपोर्ट असतो. रक्तात जंतू जाण्याची ही दुसरी वाट, आणि ती बहुतांशी आपल्या हातांनी उघडते. तालुक्याच्या ठिकाणी फ्लश करायला, म्हणजे नळी सलाईनने धुवायला, आणलेल्या मुलाला अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला, तर नळीत वाढलेले जंतू फ्लशबरोबर रक्तात ढकलले गेले आहेत असे समजा. त्या नळीतून औषध देऊ नका, हाताची शीर घ्या, दोन्हीकडचे कल्चर काढा, डोस द्या. हाताला शीरच सापडत नसेल तर मात्र नळीतूनच डोस द्या, वेळ घालवू नका.

जंतू त्या नळीत येतात कुठून? वॉर्डात सलाईनच्या बाटलीत सुई खुपसून ठेवलेली असते आणि दिवसभर तिच्यातून दहा जणांसाठी फ्लश ओढला जातो. त्या बाटलीत एकदा जंतू गेला की सगळ्यांना जातो. फ्लशसाठी १० मिलीचा अँप्युल वापरा, एक अँप्युल एका मुलाला, एकदाच. नळीत रक्त गोठू नये म्हणून भरायच्या हेपरिनची व्हायलही सामाईक नको. शिवाय हेपरिनची तीव्रता वेगवेगळी येते, लेबल वाचूनच भरा. हब, म्हणजे नळीचे सिरिंज जोडायचे तोंड, ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने १५ सेकंद चोळा आणि वाळू द्या. नुसता बोळा फिरवणे म्हणजे चोळणे नव्हे. सिरिंज १० मिलीचीच घ्या, २ किंवा ५ मिलीच्या सिरिंजचा दाब पिक लाईन फोडू शकतो. थांबत-थांबत ढकला. पोर्टला ह्युबर सुईच लावायची. साध्या सुईने आतले सिलिकॉनचे झाकण कापले जाते आणि पोर्ट निकामी होतो. वापरात नसलेला पोर्ट साधारण ४ आठवड्यांनी एकदा धुतला की पुरते. जिथे ह्युबर सुई आणि शिकलेली सिस्टर नाही, तिथे पोर्टला हात लावूच नये, हाताची शीर घ्यावी.

पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी बदलायचे, गॉझचे २ दिवसांनी. हे वेळापत्रक पुस्तकातले. आपल्याकडच्या घामाने ते तिसऱ्या दिवशीच कडेने सुटते. सुटलेल्या कडेवर वरून चिकटपट्टी मारू नका, तारीख काहीही असो, सगळे काढून नव्याने करा. बाहेर नळी असलेल्या मुलाने तापी-गिरणेत किंवा विहिरीत उतरायचे नाही.

या सगळ्याला खर्च फार नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात एक बंद डबा हवा: पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅमच्या ४ व्हायल, अॅमिकॅसिन ५०० मिलिग्रॅमच्या २, नॉर्मल सलाईनच्या २ बाटल्या आणि १० मिलीचे १० अँप्युल, मुलांच्या कल्चरच्या २ बाटल्या, २२ आणि २४ नंबरचे इंट्राकॅथ, १०, २० व ५० मिलीच्या सिरिंज, क्लोरहेक्झिडिन, थर्मामीटर, साखर मोजायच्या पट्ट्या, आणि झाकणाच्या आत वर दिलेला मिलीचा हिशोब. डबा कॅज्युअल्टीत राहावा. फार्मसीच्या कपाटात कुलूपबंद ठेवला तर रात्री चावी शोधण्यातच तास जातो. दर महिन्याच्या १ तारखेला मुदत तपासून कोणाची सही, हेही ठरवून द्या.

डब्यापेक्षा गरज आहे ती आपल्या सहीच्या एका पानाच्या आदेशाची. त्यात एवढेच असावे: ड्युटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्याने, एमबीबीएस असो वा बीएएमएस, बालरोगतज्ज्ञ येण्याची किंवा वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता पहिला डोस द्यावा, आणि त्यासाठी त्याला जाब विचारला जाणार नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे डोसनंतर. केसपेपरवर तीन वेळा लिहाव्यात: दारात आले ती, कल्चर काढले ती, डोस सुरू झाला ती. या तीन आकड्यांचा महिन्याचा तक्ता जिल्हा आढाव्यात ठेवा. प्रसूतीच्या नोंदी आपण जितक्या काटेकोर तपासता तितक्याच या तपासल्या, तर कोणत्या तालुक्यात वेळ कुठे अडतो ते दोन महिन्यांत कागदावर दिसेल. धडगाव आणि अक्कलकुव्याचा तक्ता वेगळा काढा. तिथून घाट उतरून नंदुरबार गाठेपर्यंतच डोसची वेळ निघून गेलेली असते, म्हणून त्या दोन तालुक्यांत डबा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावा लागेल.

सिस्टर आणि डॉक्टरांना शिकवायला अर्धा दिवस पुरतो: तासभर डोसचा हिशोब, तासभर कल्चर, उरलेला वेळ पुतळ्यावर लाईन हाताळणे. शिकवायला आम्ही येऊ. जागा आणि तारीख आपण कळवावी. अखाजीची गर्दी सुरू होण्याआधीची तारीख असेल तर बरे.

आपले,
बालकर्करोग उपचारांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका